जाहिराती लागल्या की

"बटाटा नव्हता तेव्हा," मी म्हणालो.

शरयूने मानसुद्धा वळवली नाही. टीव्हीवर सोनबा महाराज एका म्हातारीच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते आणि भाकरीशी बटाट्याची रस्साभाजी खात होते. म्हातारी पदराने डोळे पुसत होती. मागे बासरी वाजत होती.

"आणि रस्सा लाल दिसतोय म्हणजे मिरचीही घातलीय. मिरचीही नव्हती. दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आली, फार नंतर."

"अहो, खाऊ द्या की त्याला," ती म्हणाली. "सकाळपासून मागावर बसलाय बिचारा."

मी दारात उभा होतो. हातातल्या मिटलेल्या पुस्तकात बोट होतं. आणखी एक मुद्दा सांगायचा होता, त्या काळी विणकराच्या मागाखाली असा खड्डा असे का, याबद्दल. पण तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. विषय संपल्याची ती खूण होती. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

आम्ही तेव्हा संगमनेरला राहत होतो. मी नगरपालिकेच्या वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो होतो. मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली होती. घरात आम्ही दोघं, आणि संध्याकाळी सात वाजता तिसरा सोनबा. ती मालिका इतकी वर्षं चालली होती की सोनबा त्यात रांगणाऱ्या बाळाचा तरुण झाला, तरुणाचा पांढऱ्या दाढीचा झाला, आणि मधल्या काळात आमची नात शाळेत जायला लागली. सोनबा कोष्टी होता. दिवसा लुगडी विणायचा आणि विणताना अभंग रचायचा. त्याच्या अभंगांवर मी एकदा एका त्रैमासिकात लेख लिहिला होता. त्यावर एकाच वाचकाने अभिप्राय कळवला, तोही शुद्धलेखनाबद्दल. शरयूने तो लेख वाचला नव्हता. मी वाच म्हटलंही नव्हतं. तिने आपणहून विचारावं, असं मला वाटत राहिलं, एवढंच.

मालिका बघण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. घराघरांत बघत होते. तिची वेळ झाली की चहा मिळणार नाही, हेही मी मान्य केलं होतं. दुखणं निराळं होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

एकदा मी आत वाचत असताना टीव्हीचा आवाज अचानक बंद झाला आणि शरयूचं बोलणं ऐकू यायला लागलं. मला वाटलं, वरच्या मजल्यावरच्या पोफळेबाई आल्या असतील. मी डोकावलो. खोलीत ती एकटीच होती. पडद्यावर एक मुलगी कसल्याशा तेलात पुऱ्या तळत होती, आवाजाशिवाय. आणि शरयू त्या पुऱ्यांकडे बघून म्हणत होती, "अरे सोनबा, आज काय झालं माहितीये का? स्टँडवर मला विमल भेटली. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. तिनं ओळखलंच नाही रे मला. मीही मग ओळख दाखवली नाही."

पुऱ्या गेल्या, साबण आला, स्कूटर आली. ती बोलत होती. मग तिने रिमोट उचलला, आवाज परत आला, बासरी सुरू झाली आणि ती गप्प झाली.

मालिका चालू असताना ती कधी एक शब्द बोलायची नाही. फक्त जाहिराती लागल्या की. याचं कारण तिने एकदा पोफळेबाईंना सांगितलेलं मी ऐकलं.

"एरवी त्याच्यामागे किती लोक असतात हो. कुणाचं पोर आजारी, कुणाची विहीर आटलेली. मधे मधे कशाला बोलायचं? जाहिरातीत तो मोकळा असतो."

"हो, ते आहेच," पोफळेबाई म्हणाल्या. त्यांना यात काहीच वेगळं वाटलं नाही.

त्यानंतर सातच्या सुमाराला माझ्या पुस्तकाचं पान उलटेनासं झालं. मी कान देऊन बसायचो. प्रवरेच्या पुलावर तिने निळा पक्षी पाहिला, तो सोनबाला कळला. भावाने तुटकपणे बोलून फोन ठेवून दिला, ते सोनबाला कळलं. गुडघा उतरताना दुखतो, चढताना नाही, हेही त्यालाच. आणि रात्री जेवताना मी विचारायचो, "आज काही विशेष?"

"काही नाही," ती म्हणायची. "ताक घ्या."

त्याला ती 'अरे' म्हणायची. मला लग्नापासून 'अहो'. आमच्या पिढीत तसंच होतं, त्यात वावगं काही नाही, हे मलाही कळतं. पण 'अहो, ताक घ्या' आणि 'अरे, तिनं ओळखलंच नाही रे मला' ही दोन वाक्यं मी मनात पुन्हा पुन्हा शेजारी ठेवून बघायचो.

हेवा आणि मत्सर या शब्दांतला फरक मी वाचनालयात कुणाकुणाला समजावून सांगितला असेल. दुसऱ्याकडे आहे ते आपल्यालाही हवंसं वाटणं म्हणजे हेवा. ते त्याच्याकडेही नसावं असं वाटणं म्हणजे मत्सर. मी पहिल्यापासून सुरुवात केली होती. दुसऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

मी सोनबाबद्दल खरं काय ते तिला सांगायला लागलो. जेवताना, सहज आठवल्यासारखं.

"तो तुम्ही दाखवता तसा शांत नव्हता बरं का. फार तापट होता. एकदा रागावून बायकोला सोडून वर्षभर निघून गेला होता."

"मी कुठे काय दाखवते?" ती म्हणाली. "असेल तापट. मग परत आला ना?"

"आला."

"मग झालं तर."

सात वाजता वीज जावी असंही मला वाटायचं. एकदा गेली. मला आनंद झाला आणि आनंद झाल्याची लाजही वाटली. मी मेणबत्ती लावून तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आता बोलेल. ती काळ्या पडद्याकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आज त्याचा मुलगा सापडणार होता." आणि उठून कणीक मळायला गेली.

मग तो दिवस आला. मी आत एक जाडजूड ग्रंथ उघडून बसलो होतो. टीव्हीचा आवाज बंद झाला. शरयू नेहमीपेक्षा हळू बोलली, म्हणून मी उठून दारातल्या पडद्याशी जाऊन उभा राहिलो.

"अरे, तिला दिलंस ते ठीक केलंस," ती म्हणत होती. "तिला हवं होतं ते. पण मला मात्र ते देऊ नकोस हं. किती दिवस तुला सांगीन म्हणतेय. यांना नाही सांगितलेलं मी, कसं सांगणार, पण मला..."

जाहिराती संपल्या. बासरी सुरू झाली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मला सांगितलं नाही असं काय? आणि कुणाला काय दिलं होतं त्याने? मी वाचनात होतो, मालिकेतलं ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात पोफळेबाई भेटल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना थांबवलं.

"काल सोनबांनी... म्हणजे मालिकेत... कुणाला काही दिलं का हो?"

"अगंबाई, भावजी, तुम्हीपण बघायला लागलात?"

"नाही, ते अभंगाच्या संदर्भात."

"दोघी आल्या होत्या काल. एक आंधळी होती, तिला डोळे दिले. दुसरी आजारी होती, तिला आशीर्वाद दिला."

"कसला आशीर्वाद?"

"बायकांना देतात तो," त्या म्हणाल्या. वरून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि त्या निघून गेल्या.

मी दिवसभर विचार केला. आशीर्वाद कुणी नको म्हणत नाही. म्हणजे उरले डोळे. शरयूचे डोळे अधू होत असणार. मोतीबिंदू असेल. ऑपरेशनची भीती वाटत असेल म्हणून माझ्यापासून लपवत असेल, आणि त्या कोष्ट्याला सांगत असेल. माझं हे अनुमान मला अगदी निर्दोष वाटलं. मी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली, रिक्षा बोलावली आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. पहिल्या झटक्यात ओवला.

"चल," मी म्हणालो. "घाबरू नकोस. हल्ली काही दुखत नाही. मी आहे."

"कुठे चल?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"तुमच्या डोळ्यांना काय झालं?"

"माझ्या नाही. तुझ्या."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" तिने सुई वर धरून मला दोरा दाखवला. "कोण म्हणालं?"

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग दोन खोल्यांमधल्या पडद्याकडे, मग परत माझ्याकडे.

"तुम्ही ऐकता होय?"

"मी वाचत असतो," मी म्हणालो.

"हो ना. वाचतच असता."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. रिक्षावाल्याला तिनेच खिडकीतून हात करून परत पाठवलं. त्या संध्याकाळी मी आत बसलो होतो तेव्हा जाहिराती लागल्या आणि आवाज बंद झालाच नाही. साबण, स्कूटर, पुऱ्या, सगळं मोठ्याने ऐकू येत राहिलं. दुसऱ्या दिवशीही. पूर्वी निदान पडद्यामागून मिळत होतं, तेही गेलं. आणि ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलतच असणार, याची मला खात्री होती. पूर्वी निदान काय ते ऐकू तरी यायचं.

मालिका संपत आली होती. सोनबांनी समाधी घेतली तो भाग बघायला पोफळेबाई खाली आल्या होत्या, सुनेशी रिमोटवरून भांडण नको म्हणून. दोघी रडल्या. मी दारातून बघत होतो. पांढरी दाढी, हातात सुताची गुंडी, हळूहळू खाली जाणारा माणूस. मला काय वाटत होतं ते लिहायला संकोच वाटतो. मला हलकं वाटत होतं.

शेवटची अक्षरं वर सरकायला लागली तशा पोफळेबाई नाक पुसत माझ्याकडे वळल्या.

"भावजी, तुमचं एवढं वाचन आहे. याचं सुतक पाळायचं का हो? वारकरणी आहेत ना आपल्या कॉलनीत, त्या म्हणतात एक दिवसाचं तरी पाळा."

मला कुणी फारसं काही विचारत नसे. मी खोलीत आलो.

"संताला सुतक नसतं," मी म्हणालो. "समाधी म्हणजे मृत्यू नव्हे. शिवाय सुतक हे रक्ताच्या नात्याला असतं. सपिंड म्हणतात त्याला. आणि मुख्य म्हणजे सोनबांना जाऊन काही शतकं झाली आहेत. त्यांच्या तिथीबद्दलही एकमत नाही. एका परंपरेप्रमाणे ती..."

शरयू उठली. मला वाटलं पाणी प्यायला गेली. मी दुसऱ्या परंपरेपर्यंत पोचलो होतो तेव्हा न्हाणीघरातून डोक्यावरून पाणी ओतल्याचा आवाज आला. ती ओल्या केसांनी बाहेर आली, देवापुढे दिवा लावला आणि म्हणाली, "मी आंघोळ केलीय. तुमचं चालू द्या."

पोफळेबाई घाईघाईने वर गेल्या. त्यांनीही केली असणार.

दुसऱ्या दिवशी सातला तिने सवयीने टीव्ही लावला. तिथे लहान मुलांची गाण्याची स्पर्धा सुरू झाली होती. चमकता कोट घातलेला एक माणूस खिदळत होता. तिने लगेच बंद केला आणि रिमोट मांडीवर धरून बसून राहिली.

मी पुस्तक आत ठेवून आलो. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. हे करायला मला किती धीर गोळा करावा लागला, हे सांगून कुणाला पटणार नाही. स्वतःच्या बायकोसमोर खुर्ची ओढायची, त्यात काय.

"मला सांग," मी म्हणालो.

"काय?"

"त्याला सांगायचीस ते."

"तुम्हाला?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मी काय वाईट आहे?"

"वाईट कशाला असाल? तुम्ही उत्तर देता हो."

"म्हणजे?"

"हे बघा, दिलंतच."

मी तोंड मिटलं. ती रिमोटची बटणं बोटाने चाचपत होती.

"मी म्हटलं गुडघा दुखतोय, की तुम्ही सांधा कसा असतो ते सांगणार. मी म्हटलं पुलावर निळा पक्षी बघितला, की तुम्ही म्हणणार खंड्या, आणि मग त्याच्या जाती. आईची आठवण आली म्हटलं, तर ती कुठल्या साली गेली ते सांगता. बरोबर सांगता. तुमचं चुकत काहीच नाही. पण माझं बोलणं तिथंच संपतं. मला अजून पुढे जायचं असतं."

"पण तो तर..."

"तो जाहिरातीत असतो."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी ती सुरू होईपर्यंत थांबलो.

"बरं," मी म्हणालो. "मग जाहिराती लागल्यात असं समज."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. मग ती हसली. कालपासून पहिल्यांदा हसली. तिने रिमोट उचलला, माझ्यावर रोखला आणि आवाज बंद करायचं बटण दाबलं.

आधी ती इकडचं तिकडचं बोलली. पोफळेबाईंच्या लोणच्याला यंदा बुरशी आली, त्या कबूल करत नाहीत. इंदूरचा फोन आला की ठेवावासाच वाटत नाही. मी बसून होतो. लोणच्याच्या बुरशीबद्दल मला बरंच माहीत होतं.

मग ती थांबली. रिमोट खाली ठेवला.

"त्या दिवशी त्यानं त्या आजारी बाईला अहेव मरण दिलं. नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट जाशील म्हणाला. तिचं तोंड किती उजळलं! सगळ्या बायका तेच मागतात. माझी आई मागायची, मिळालंही तिला. वडाला फेऱ्या घालताना मीसुद्धा मागत आले. तोंडानं. मनातून नाही. मी त्याला म्हटलं, मला ते देऊ नकोस."

माझं तोंड उघडलं असावं. तिचा हात रिमोटकडे गेला. मी मिटलं.

"तुमच्यावर राग नाही काही. तुम्ही कधी वाकडं बोलला नाहीत, हात उगारला नाहीत. पण वडिलांच्या घरातून उठले ते तुमच्या घरात आले. मला एकटीनं राहून बघायचंय. फार नाही, थोडेच दिवस. सकाळी उठून कुणाचाच चहा टाकायचा नाही. नको वाटला तर भात लावायचा नाही. पुलावर जाऊन त्या पक्ष्याची वाट बघत उभं राहायचं, आणि घरी येऊन उशीर का झाला ते कुणालाही सांगायचं नाही. कसं वाटतं ते बघायचंय एकदा. तर मी त्याला म्हटलं, यांना आधी ने. सावकाश ने, त्रास होऊ देऊ नकोस त्यांना, त्यांना सोसत नाही. पण आधी ने."

मला पुष्कळ बोलायचं होतं. बायका पुरुषांहून जास्त जगतात, काळजी करू नकोस. इंदूरला चार महिने जा. मी जातो कुठेतरी. आणि सगळ्यात आधी म्हणायचं होतं, इतक्या दिवसांत तू हे त्याला सांगितलंस, मला नाही. म्हणजे तो गेला तरी ते तसंच होतं. माझ्या मरणाची गोष्ट माझ्या आधी त्याला ठाऊक होती.

मी काही बोललो नाही. तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. ती नुसती बसली होती. लांबून चालून आल्यावर माणसं पायरीवर बसतात तशी.

"संपल्या," थोड्या वेळाने ती म्हणाली. "भात लावू ना?"

"लाव."

त्यानंतर ती विषय परत बोलली नाही. पण संध्याकाळी सातला कधीकधी मला हाक मारायची, "अहो, या." आणि मी जाऊन बसायचो. दरवेळी गप्प राहणं मला जमलं असं नाही. एकदा मध्येच तिने सांगितलेली तारीख दुरुस्त केली, तेव्हा ती आठवडाभर बोलली नाही. पण पुष्कळदा जमलं.

शरयू माझ्या आधी गेली. थंडीचे दिवस होते. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिथून ती परत आली नाही. इंदूरहून मुलगी पोचेपर्यंत कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांनीच तिला हिरवं लुगडं नेसवलं, हातात बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली. एकेक सवाष्ण पुढे येऊन तिच्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्या कपाळाला लावत होती. पोफळेबाई आता खूप थकल्या होत्या. भिंतीला धरत धरत आल्या आणि तिच्या उशाशी बसल्या.

"भाग्याची गं बाई," त्या म्हणाल्या. "कुंकवासकट गेलीस. इतकी वर्षं मनोभावे ऐकलंस त्याचं, शेवटी सोनबानं तुझं ऐकलं."

बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, असं मरण मागून मिळत नाही.

पोफळेबाई माझ्याकडे वळल्या. "खरं की नाही हो, भावजी?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझं वाचन मोठं आहे, हे त्यांना माहीत होतं. मी शरयूच्या कपाळाकडे बघत राहिलो.